जुन्या पामची डायरी नव्या फोनवर: काय जमतं, काय टाळावं

"पाम पायलट खणात पडलाय, चालू होत नाही. त्यातली डायरी फोनवर उघडता येईल का?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येत असतो. कुणाचं यंत्र ठणठणीत आहे, पण नव्या लॅपटॉपला ते जोडता येत नाही. कुणाकडे यंत्रच उरलेलं नाही. आहे तो जुन्या हार्ड डिस्कवरचा एक फोल्डर. काहींना नोंदींशी देणंघेणं नाही, त्यांना त्या काळचं एखादं ॲप पुन्हा वापरायचंय, कारण तसं सुटसुटीत ॲप नंतर त्यांना मिळालंच नाही. आणि काहींना वडिलांच्या किंवा काकांच्या माघारी त्यांच्या सामानात असं यंत्र सापडलेलं असतं.

यातल्या प्रत्येकाच्या तोंडी शब्द एकच असतो: एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. खरं तर यातल्या बऱ्याच जणांना तो लागतच नाही, आणि ज्यांना लागतो त्यांना फक्त एम्युलेटर पुरत नाही. म्हणून आज ही वाट पायरीपायरीने बघू. बोलणं मुख्यतः पाम ओएसवर चालणाऱ्या यंत्रांबद्दल आहे. 1996 साली यूएस रोबोटिक्सने आणलेल्या पायलटपासून 2007 च्या पाम सेंट्रोपर्यंतची यंत्रं त्यात येतात. हँडस्प्रिंगचा व्हायझर आणि सोनीचा क्लिए ही यंत्रंही याच घरातली.

आधी ठरवा: नोंदी हव्यात की ॲप?

जुन्या पाममध्ये तीन गोष्टी एकत्र होत्या: यंत्र, ॲप आणि तुमच्या नोंदी. एम्युलेटर फक्त यंत्राची जागा घेतो. ॲप आणि नोंदी तुम्हालाच आणून द्याव्या लागतात. त्यामुळे सुरुवात करण्याआधी तुम्ही खालीलपैकी कुठे बसता ते बघा.

- पत्ते, भेटीगाठी, कामांची यादी आणि टिपणं एवढंच हवं आहे: एम्युलेटर विसरा. नोंदी बाहेर काढून आजच्या फोनच्या साच्यात आणणं सोपं आहे आणि कायमचं आहे.
- नोंदी एखाद्या वेगळ्या ॲपच्या स्वतःच्या साच्यात अडकल्या आहेत (हँडीशॉपरची यादी, बोन्सायमधला आराखडा, मोबाइलडीबीतला तक्ता): एम्युलेटर लागेल, पण नोंदी वाचून बाहेर काढण्यापुरताच.
- ॲपच वापरायचं आहे: जमतं, आणि बऱ्यापैकी छान जमतं. मात्र पुढे 'लोक कुठे अडकतात' हा भाग आधी वाचा.

माझं स्पष्ट मत असं की रोजची दिनदर्शिका एम्युलेटरवर ठेवू नये. याद्या, टिपणं, आराखडे, हिशेब जरूर ठेवा. ज्या नोंदीने तुम्हाला वेळेवर उठवायचं आहे, ती मात्र फोनच्या स्वतःच्या दिनदर्शिकेतच हवी.

नोंदी नेमक्या कुठे आहेत ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि निराशाही इथेच पदरी येते. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

यंत्रात. जुन्या पाममध्ये नोंदी रॅममध्येच राहायच्या. वीज गेली की नोंदी गेल्या. पाम थ्री किंवा एम 100 मध्ये दोन ट्रिपल ए सेल असायचे. पाम फाइव्ह आणि एम 500 मालिकेत आत बसवलेली लिथियम बॅटरी होती. यातलं कुठलंही यंत्र वर्षानुवर्षं खणात पडून असेल, तर नवे सेल घातल्यावर किंवा चार्ज केल्यावर ते सुरू होईलही, पण समोर येईल तो कोरा पडदा आणि पेन टेकवायच्या खुणा. त्यात काहीही उरलेलं नसतं. दुरुस्तीवाल्याकडे पैसे घालवू नका. 2004 च्या टंगस्टन टी 5 पासून, म्हणजे ट्रिओ 650, टंगस्टन ई 2 आणि टीएक्स यांच्यात, नोंदी विजेशिवाय टिकतात. यंत्र यांपैकी असेल तर चार्जर शोधण्यात अर्थ आहे.

यंत्रात जुने सेल असतील तर सुरू करून बघायच्या आधी कप्पा उघडा. पांढरट-हिरवट थर दिसला तर सेल गळले आहेत. ते काढा आणि टोकं स्वच्छ करून मगच नवे घाला. बॅटरी आतली असेल आणि पाठ फुगलेली दिसली तर चार्ज करू नका.

संगणकावर. खरा खजिना इथेच असतो. त्या काळी यंत्र संगणकाला जोडलेल्या पाळण्यात (क्रेडलमध्ये) ठेवून बटण दाबलं की हॉटसिंक व्हायचं आणि सगळ्याची एक प्रत संगणकावर उतरायची. जुन्या डिस्कवर 'पाम' किंवा 'पामवन' नावाचा फोल्डर शोधा. त्याच्या आत तुमचं आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर जोडून बनलेला एक फोल्डर असतो. तो पूर्ण उचला.

'पूर्ण' यावर जोर देतो, कारण बहुतेक जण त्यातला 'बॅकअप' हा उपफोल्डर तेवढा उचलतात. पाम डेस्कटॉप या संगणकावरच्या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीत चार मूळ ॲप्सच्या नोंदी तिथे नसतात. त्या डेटबुक, ॲड्रेस, टूडू आणि मेमोपॅड या चार वेगळ्या उपफोल्डरांत, डॅट फाइलींमध्ये असतात. 'बॅकअप'मध्ये बाहेरच्या ॲप्सचं सामान असतं, आणि तेही सगळं नाही. ज्या फाइलवर बॅकअपची खूण लावलेली असायची तेवढीच हॉटसिंक उचलायचा. म्हणून कधी नोंदी सापडतात पण ॲपची फाइल सापडत नाही, तर कधी उलटं होतं.

कार्डात. 2001 च्या एम 500 पासून पाममध्ये एसडी कार्डाची खाच आली. ते कार्ड आजच्या कुठल्याही कार्डरीडरमध्ये वाचता येतं. त्यात 'पाम' फोल्डर आणि आत 'लाँचर' दिसेल. तिथे ॲप्स असतात. बॅकअप घेणारं एखादं ॲप तुम्ही वापरत असाल तर नोंदीही तिथेच मिळतील.

यंत्र चालू आहे, पण जोडता येत नाही. 64 बिट विंडोजसाठी पामने यूएसबीचा ड्रायव्हर कधीच काढला नाही. केबल बिघडली असा समज करून लोक नवी केबल मागवतात. केबलचा दोष नसतो. सोपा मार्ग असा: एखादा जुना 32 बिट विंडोज एक्सपीचा संगणक मिळवा आणि त्यावर शेवटचा हॉटसिंक करा. लिनक्स जमत असेल तर पायलट-लिंक आणि जे-पायलट ही मोफत साधनं आहेत. जे-पायलट पत्ते व्हीकार्ड रूपात आणि दिनदर्शिका आयकॅलेंडर रूपात थेट बाहेर काढून देतो.

काहीही करण्याआधी सापडलेल्या फोल्डरच्या दोन प्रती करा. एक हात न लावता बाजूला ठेवायची, दुसरीवर काम करायचं.

फक्त नोंदी हव्या असतील तर

1. आजच्या विंडोजवर पाम डेस्कटॉप 4.1.4 बसवा. तो सहसा चालतो. अडतं ते फक्त केबलपाशी.
2. त्यात जुन्याच नावाने वापरकर्ता तयार करा आणि प्रोग्रॅम बंद करा.
3. त्या वापरकर्त्याच्या नव्या फोल्डरात जुन्या फोल्डरातलं सामान टाका. प्रोग्रॅम पुन्हा उघडा.
4. पत्ते व्हीकार्ड किंवा सीएसव्ही रूपात, टिपणं मजकूर रूपात, भेटीगाठी व्हीकॅल रूपात बाहेर काढा. व्हीकॅल हा आयकॅलेंडरचा आधीचा साचा आहे. गूगल कॅलेंडर आयकॅलेंडर किंवा सीएसव्ही मागतं, त्यामुळे मध्ये एक रूपांतर करावं लागतं.
5. गूगल कॅलेंडरमध्ये आणताना नवी, वेगळी दिनदर्शिका उघडा आणि तिच्यात आणा. बिघडलं तर ती एक पुसली की काम झालं. मुख्य दिनदर्शिकेत दोन हजार जुन्या नोंदी मिसळल्या तर त्या निवडून काढणं जिकिरीचं आहे.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पामच्या जुन्या डेटबुकमध्ये टाइम झोन नव्हता. तुम्ही तेव्हा न्यू जर्सीत असाल आणि सकाळी साडेनऊची बैठक लिहिली असेल, तर ती नुसती साडेनऊ अशीच नोंदलेली आहे. ती आणताना त्या दिनदर्शिकेला तेव्हाच्या गावाचा टाइम झोन लावा, नाहीतर सगळ्या नोंदी सरकतील. आणि पत्ते आणताना ते फोनच्या चालू यादीत मिसळू नका. त्यातले पुण्या-मुंबईचे सात आकडी लँडलाइन क्रमांक आता लागणार नाहीत, आणि जुने मोबाइल क्रमांक दुसऱ्याच कुणाकडे गेलेले असू शकतात.

डेटबीकेबद्दल, म्हणजे पिमलिको कंपनीच्या प्रसिद्ध दिनदर्शिका ॲपबद्दल, एक सांगायला हवं. या ॲपचं उत्पन्न त्याच्या कर्त्याने गोरिलांच्या संवर्धनाला दिलं, म्हणून अनेकांच्या मनात त्याला वेगळी जागा आहे. हे ॲप पामच्याच मूळ नोंदी वापरायचं आणि स्वतःची जादा माहिती नोंदीला जोडलेल्या टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवायचं. त्यामुळे नोंदी बाहेर काढल्यावर कित्येक टिपणांच्या सुरुवातीला दोन हॅश आणि मागे ॲट चिन्हांची रांग दिसते. फाइल खराब झाली म्हणून लोक घाबरतात. फाइल खराब नाही. ती ओळ चित्रखुणा वगैरेंची आहे, पुसली तरी मूळ नोंद शाबूत राहते.

कोणता एम्युलेटर?

निवडीपुरतं एवढंच समजून घ्या. पाम ओएस 4 पर्यंतच्या यंत्रांत मोटोरोलाची ड्रॅगनबॉल चिप होती. 2002 च्या टंगस्टन टी पासून एआरएम चिप आणि पाम ओएस 5 आली. या नव्या यंत्रांतही जुनी ॲप्स चालावीत अशी सोय पामने ठेवली होती, त्यामुळे वही-डायरीच्या कामाची बहुतेक ॲप्स जुन्या चिपसाठीच लिहिली गेली. म्हणून तुमचं यंत्र शेवटच्या काळातलं असलं तरी एम 515 ची नक्कल करणारा एम्युलेटर सहसा पुरतो. न चालणारी म्हणजे खास पाम ओएस 5 साठीची ॲप्स: व्हिडिओ, मोठे खेळ, काही चित्रांची ॲप्स.

- क्लाउडपायलट. ब्राउझरमध्ये चालतो, म्हणून आयफोन, अँड्रॉइड, विंडोज, मॅक सगळीकडे एकच. यंत्राची नक्कल तुमच्याच फोनवर चालते, नोंदी कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत. एकदा उघडला की इंटरनेटशिवायही चालतो. बहुतेक वाचकांना मी हाच सुचवतो.
- पाम ओएस एम्युलेटर, म्हणजे पोझ. खुद्द पामने ॲप लिहिणाऱ्यांसाठी वाटलेला, विंडोजवरचा जुना प्रोग्रॅम. पाम डेस्कटॉपबरोबर त्याच संगणकावर हॉटसिंक करायचा असेल तर हा उत्तम. त्याच्या मांडणीत नेटवर्कची हाक संगणकाकडे वळवण्याचा पर्याय चालू करा, पामच्या हॉटसिंकमध्ये नेटवर्क निवडा आणि संगणकाचा पत्ता 127.0.0.1 द्या. डॅट फाइलींमधल्या चारही प्रकारच्या नोंदी अशा रीतीने नकली पाममध्ये उतरतात.
- म्यू. एम 515 ची नक्कल करतो, रेट्रोआर्चमध्येही मिळतो. खेळांसाठी चांगला, नोंदींची ने-आण करायला तितका सोयीचा नाही.
- स्टाइलटॅप आणि पंपकिनओएस. या दोघांनी पाम ओएसचं काम नव्याने लिहिलं आहे, म्हणून त्यांना रॉम लागत नाही. सगळी ॲप्स मात्र चालतीलच असं नाही.

नुसतं आठवण म्हणून एखादं ॲप बघायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हने 2022 मध्ये पामच्या ॲप्सचा मोठा संग्रह खुला केला आहे. ती ॲप्स तिथेच ब्राउझरमध्ये उघडतात. आठवणीत आहे ते ॲप खरंच तेच का, हे बघायला ही जागा झकास. स्वतःच्या नोंदी मात्र तिथे टाकू नका.

रॉम कुठून आणायचा आणि कायदा काय म्हणतो

क्लाउडपायलट, पोझ आणि म्यू यांना रॉमची फाइल लागते. रॉम म्हणजे यंत्रात भरलेली मूळ पाम ओएस, साधारण 2 ते 4 एमबीची एक फाइल. ती एम्युलेटरबरोबर येत नाही, आणि 'एम्युलेटर काळा पडदाच दाखवतो' ही तक्रार बहुधा यामुळेच असते.

चालू यंत्र हाती असेल तर त्यातूनच प्रत काढा. पोझबरोबर 'रॉम ट्रान्सफर' नावाचं छोटं पाम ॲप यायचं. ते यंत्रात टाकायचं आणि पाळण्यावाटे रॉम संगणकावर उतरवायचा. तयार रॉम वाटणाऱ्या जागा शोधल्या की सापडतात, पण त्या रॉमचा हक्क कुणाचा हे ध्यानात ठेवा. पाम ओएस सांभाळणारी पामसोर्स ही कंपनी 2005 मध्ये जपानच्या ॲक्सेस कंपनीने घेतली. कंपनीने विक्री बंद केली म्हणून हक्क संपत नाही. 'सोडून दिलेलं सॉफ्टवेअर' असा कुठलाही वर्ग आपल्या कायद्यात नाही.

तुमच्या बाजूनेही कायदा आहे. भारताच्या कॉपीराइट कायदा 1957 मधल्या कलम 52 नुसार:

- ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या आहे, त्याने ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी वापरायला प्रत किंवा फेरफार केला तर तो हक्कभंग नाही;
- हरवणं, नाश होणं, खराब होणं यांपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढता येते;
- स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, व्यापारी नसलेल्या वैयक्तिक वापरासाठी प्रत करता येते.

म्हणजे स्वतःच्या पाममधला रॉम स्वतःच्या फोनवर चालवण्याला चांगला आधार आहे. तोच रॉम मित्रांच्या ग्रुपवर टाकला तर तो आधार उरत नाही. विकत घेतलेल्या ॲप्सचंही तसंच. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी तिथल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 117 प्रोग्रॅमच्या मालकाला जतनासाठी प्रत करू देतं.

क्लाउडपायलट उभा करताना

1. आयफोनवर आधी होमस्क्रीनवर घ्या. सफारीत पान उघडा, शेअरच्या खुणेतून 'होमस्क्रीनवर जोडा' निवडा आणि यापुढे तिथूनच उघडा. एखाद्या पानाला तुम्ही हात न लावता सफारी वापरायचे सात दिवस गेले, तर त्या पानाने साठवलेली माहिती सफारी पुसून टाकते. होमस्क्रीनवरच्या ॲपचा साठा वेगळा असतो. सफारीत सगळं मांडून झाल्यावर होमस्क्रीनवर घेतलंत तर तिथे कोरी पाटीच दिसेल, म्हणून क्रम महत्त्वाचा.
2. रॉम द्या, यंत्र निवडा. रॉम ज्या यंत्राचा असेल तेच निवडा. पाम फाइव्हचा रॉम एम 515 मध्ये चालत नाही.
3. पेनाच्या खुणा टेकवा. नवं यंत्र सुरू झालं की कोपऱ्यांत खुणा येतात, त्यांच्या बरोबर मधे टेकवायचं. इथे घाई केली तर पुढे प्रत्येक बटण थोडं बाजूला दाबलं जातं.
4. हॉटसिंकचं नाव आधी लिहा. हे पुढे समजावतो.
5. ॲप्स थोडीथोडी टाका. आधी पीआरसी फाइल, म्हणजे ॲप. मग पीडीबी, म्हणजे त्याच्या नोंदी. अख्खा बॅकअप फोल्डर एका दमात ओतू नका. त्यात जुन्या यंत्राच्या पसंती, नेटवर्कची मांडणी, प्रणालीत बदल करणारे वेगवेगळे 'हॅक' असं बरंच असतं. तेच वेगळ्या यंत्रावर गेलं की पाम सुरू होतो, कोसळतो, परत सुरू होतो. असं झालंच तर एम्युलेटरमधला 'एक्स्टेंशनशिवाय रीसेट' वापरा आणि शेवटी टाकलेलं काढून टाका.
6. बॅकअप बाहेर काढा. प्रत्येक मोठ्या बदलानंतर सेशन, म्हणजे नोंदींसकट अख्खं नकली यंत्र, एक्सपोर्ट करा आणि ती फाइल फोनबाहेर ठेवा.

लिहिताना ग्राफिटी आठवेल: मधली आडवी रेघ नसलेला ए, डावीकडून उजवीकडे रेघ ओढली की जागा, उलट ओढली की खोडणं. 160 बाय 160 ठिपक्यांच्या पडद्यासाठीची बटणं बोटाने दाबणं अवघड जातं. फोनसाठीचा साधा रबरी टोकाचा पेन घ्या. जास्त लिहायचं असेल तर संगणकावर एम्युलेटर उघडा, तिथे कीबोर्ड चालतो.

नोंदणी क्रमांक चालत नाही?

तुम्ही पैसे देऊन घेतलेलं ॲप अचानक 'चाचणी मुदत संपली' म्हणतं. कारण साधं आहे. त्या काळी बहुतेक ॲप्सचा नोंदणी क्रमांक तुमच्या हॉटसिंकच्या नावावरून तयार व्हायचा. नव्या एम्युलेटरमध्ये ते नाव कोरं असतं. जुनं नाव अक्षरशः तसंच हवं: कॅपिटल अक्षरं, मधली जागा, मधलं नाव, सगळं. ते आठवत नसेल तर नोंदणीची जुनी ईमेल शोधा, किंवा पाम डेस्कटॉपमध्ये वापरकर्त्यांची यादी बघा. काही मोजकी ॲप्स यंत्राच्या अनुक्रमांकावर बांधलेली होती. ती या मार्गाने उघडणार नाहीत. ॲपचे कर्ते अजून काम करत असतील तर त्यांना विनयाने लिहा. अनेकांनी आपली जुनी ॲप्स पुढे मोफत केली आहेत.

लोक कुठे अडकतात

गजर. एम्युलेटर उघडा असेल तरच पामचा गजर वाजतो. फोन खिशात गेला, ॲप झोपलं, की पामही झोपला. औषधाच्या वेळा, विम्याचे हप्ते यांसाठी त्यावर अजिबात विसंबू नका.

'खासगी' नोंदी. पासवर्ड लावून लपवलेली टिपणं सुरक्षित आहेत असा समज होता. पाम ओएस 4 पर्यंत ही फक्त लपवण्याची खूण होती. मजकूर कुलूपबंद नव्हता. पीडीबी फाइल साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये उघडली तरी अर्धीमुर्धी वाचता येते. विसरलेल्या पासवर्डमागची स्वतःची टिपणं यामुळे परत मिळतात. पण तुम्ही बँकेचे पिन तिथे लिहिले असतील आणि आजही तेच वापरत असाल, तर ते आधी बदला आणि मगच फाइली इकडेतिकडे हलवा.

नव्या साच्याच्या नोंदी. 2003 च्या टंगस्टन टी 3 पासून पामने दिनदर्शिका, पत्ते, कामं आणि टिपणांचा साचा बदलला. त्या फाइलींच्या नावात पीडॅट, पीॲड अशी टोकं दिसतात. एम 515 च्या एम्युलेटरमधली मूळ ॲप्स त्या वाचत नाहीत. अशा वेळी वर सांगितल्याप्रमाणे पाम डेस्कटॉपवाटे जा.

2031. जुन्या डेटबुकच्या साच्यात वर्षासाठी सात बिट ठेवले होते आणि मोजणी 1904 पासून. त्यामुळे 31 डिसेंबर 2031 नंतरची तारीख त्यात बसत नाही. वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा दरवर्षी येणाऱ्या नोंदी आजच्या दिनदर्शिकेत आणल्यावर त्या 2031 ला थांबत नाहीत ना, हे तपासा.

मराठी नोंदी. पामच्या मूळ प्रणालीत देवनागरी नव्हती. म्हणून बहुतेकांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिली. ती जशीच्या तशी बाहेर येते. त्यावर लिप्यंतराचं साधन एकगठ्ठा फिरवू नका, नावांची आणि औषधांची वाट लागते. रोमन मूळ तसंच ठेवा आणि हवं तेवढंच देवनागरीत हाताने उतरवा.

दुसऱ्यांची माहिती. तुमच्या नातेवाइकांचे पत्ते घरच्या वापरासाठी ठेवणं 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. डॉक्टर, वकील, विमा सल्लागार यांच्या जुन्या पाममधली रुग्णांची किंवा अशिलांची यादी मात्र घरगुती बाब नाही. ती दुरुस्तीवाल्याच्या, ओळखीच्या मुलाच्या हाती सोपवू नका.

पाम नसेल तर

ॲपलच्या न्यूटनसाठी आइनस्टाइन नावाचा एम्युलेटर आहे, त्यालाही रॉम लागतो. सायन सीरिज 3 ए साठी खुद्द सायनने काढलेला एम्युलेटर आज डॉसबॉक्समध्ये चालतो. एचपी 200 एलएक्स तर डॉसवरच चालायचा, त्यामुळे त्याची बरीच ॲप्स डॉसबॉक्स उघडतं. आपल्याकडे घरोघरी असलेली कॅसिओची डिजिटल डायरी मात्र वेगळी चीज आहे. तिच्यासाठी या खटपटीत पडू नका. ती अजून सुरू होत असेल तर आजच प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा. सेल बदलण्याआधी काढा, नंतर नाही.

यंत्र टाकून देण्याआधी

सगळं मनासारखं झालं की यंत्र पुसा. पाम थ्री, फाइव्ह आणि एम मालिकेत पॉवरचं बटण दाबून धरायचं, मागचं रीसेट टोचायचं, बोधचिन्ह आलं की पॉवर सोडायचं आणि सगळं पुसू का असं विचारलं की वरचं बटण दाबायचं. कार्ड काढून घ्या. यंत्र भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. आतली लिथियम बॅटरी उघड्यावर तोडली जाऊ नये. आणि हे पुसणं अगदी शेवटी करा: आधी बाहेर काढलेला बॅकअप दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या एम्युलेटरमध्ये उघडून त्यातल्या एका जुन्या वर्षाचा एखादा महिना नोंद न् नोंद वाचून बघा.